देणे

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षात बडोदे येथे माजी विद्यार्थी व पालक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ज्या वर्गात मी मूत्रपिंड हा शब्द प्रथम ऐकला, तो वर्ग या सभागृहाच्या मागेच आहे. आमच्या विज्ञानाच्या बाईंनी फळ्यावर खडूने दोन आकृत्या काढल्या होत्या आणि म्हणाल्या होत्या, "घेवड्याची बी आठवा, म्हणजे आकार चुकणार नाही." परीक्षेत आकार चुकला नाही. पुढे आयुष्यभर त्याच अवयवाच्या रोग्यांत वावरावे लागेल, याची मात्र तेव्हा कल्पना नव्हती. हीरक महोत्सवात माजी विद्यार्थ्याने शाळेच्या आठवणी सांगाव्यात, अशी प्रथा आहे. संयोजकांनी मला माझ्या कामाविषयी बोलायला सांगितले, याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. आठवणींपेक्षा अधिक निकडीची एक गोष्ट मला तुमच्यापुढे मांडायची आहे, आणि ती मांडण्यास आपल्या माणसांच्या सभेइतकी योग्य जागा दुसरी नाही.

प्रथम थोडी उजळणी. पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंना, बरगड्यांच्या खालच्या आधाराने, मुठीएवढी दोन मूत्रपिंडे असतात. प्रत्येकाचे वजन साधारण दीडशे ग्रॅम. प्रत्येकात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या. दिवसभरात त्यांतून सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातला जवळजवळ सगळा पुन्हा शरीरात शोषून घेतला जातो; मूत्ररूपाने बाहेर पडतो तो जेमतेम दीड-दोन लिटर. याशिवाय रक्तदाब सांभाळणे, रक्तातील तांबड्या पेशी तयार करण्याचा निरोप अस्थिमज्जेला धाडणे, हाडांसाठी ड जीवनसत्त्व कार्यक्षम करणे, ही कामेही याच अवयवाची. आणि हे सर्व तो इतक्या मुकाट्याने करतो की, बिघडू लागला तरी बोलत नाही. कार्यशक्तीचा मोठा भाग गेल्यानंतर कुठे पायांवर सूज, अन्नावरची वासना उडणे, धाप लागणे, अशा तक्रारी सुरू होतात. रुग्ण आमच्याकडे येतो तेव्हा पुष्कळदा त्याला आपण आजारी पडल्याची पहिली बातमी आणि आजार शेवटच्या टप्प्यात असल्याची बातमी एकाच दिवशी मिळते.

मूत्रपिंडे निकामी होण्याची दोन प्रमुख कारणे म्हणजे मधुमेह आणि उच्च रक्तदाब. त्यांच्या जोडीला मूतखडे, जन्मजात दोष, काही आनुवंशिक विकार आणि स्वतःच्या मनाने वर्षानुवर्षे घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या. ज्यांना मधुमेह वा रक्तदाब आहे, त्यांनी वर्षातून एकदा रक्तातील क्रिएटिनिन आणि लघवीतील अल्ब्युमिन तपासून घ्यावे. दोन्ही तपासण्या साध्या आहेत. माझे आजचे पुढचे सगळे बोलणे तुम्ही विसरलात आणि एवढे लक्षात ठेवलेत, तरी मी शाळेचे काही देणे फेडले असे समजेन.

मूत्रपिंडे पूर्ण निकामी झाली, तर एके काळी मृत्यू अटळ होता. दुसऱ्या महायुद्धात, जर्मनांनी व्यापलेल्या हॉलंडमधील काम्पेन या छोट्या गावी, विलेम कोल्फ नावाच्या तरुण डॉक्टरने १९४३ मध्ये सॉसेजच्या वेष्टनासाठी वापरतात ती सेलोफेनची नळी एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून रक्त शुद्ध करण्याचे यंत्र उभे केले. सुरुवातीचे अनेक रुग्ण दगावले; १९४५ मध्ये एक वृद्ध स्त्री वाचली. आज गावोगावी होणाऱ्या डायलिसिसचा हा आरंभ. आपल्याकडे २०१६ पासून केंद्र सरकारच्या योजनेतून जिल्हा रुग्णालयांपर्यंत ही सोय पोहोचू लागली. तरीही डायलिसिस हा आधार आहे, पर्याय नव्हे. आठवड्यातून दोन-तीन वेळा, दर वेळी चार तास, यंत्राला जखडून राहायचे. पाणी मोजून प्यायचे. फळ खाण्याआधी विचार करायचा. रात्रंदिवस चालणाऱ्या अवयवाचे काम आठवड्यातल्या दहा-बारा तासांत कितीसे होणार?

प्रत्यारोपणाची कल्पना त्याहून जुनी. शिवलेल्या रक्तवाहिन्या टिकतात कशा, हे आलेक्सी कारेल यांनी दाखवून दिले आणि १९१२ चे नोबेल पारितोषिक मिळवले. पण दुसऱ्याचे मूत्रपिंड शिवता आले, तरी शरीर ते ठेवून घेईना. परक्या पेशी ओळखून त्यांच्यावर तुटून पडणे हा देहाचा धर्मच आहे. त्याच बळावर आपण जंतूंपासून वाचतो. युद्धात भाजलेल्यांवर त्वचारोपण करताना पीटर मेडावार यांनी ही नकाराची प्रक्रिया उलगडली. मग बॉस्टन येथे २३ डिसेंबर १९५४ रोजी जोसेफ मरे यांनी ही अडचण एका विलक्षण योगाने टाळली. रिचर्ड आणि रोनाल्ड हेरिक हे तेवीस वर्षांचे एकरूप जुळे भाऊ होते. एकाच्या त्वचेचा तुकडा दुसऱ्याने आपला म्हणून स्वीकारला, याची आधी खात्री करून घेण्यात आली, आणि मग रोनाल्डचे एक मूत्रपिंड रिचर्डला देण्यात आले. रिचर्ड आठ वर्षे जगला. ज्या परिचारिकेने त्याची शुश्रूषा केली, तिच्याशी त्याने विवाह केला. मूत्रपिंड देणारा रोनाल्ड २०१० पर्यंत, एकोणऐंशी वर्षांचा होईपर्यंत जगला. एक मूत्रपिंड दिलेला माणूस किती जगतो, असे मला विचारणाऱ्यांना मी हे वय सांगतो.

प्रत्येकाला जुळा भाऊ कुठून मिळणार? पुढे अ‍ॅझाथायोप्रिन, नंतर सायक्लोस्पोरिन आणि आता टॅक्रोलिमस यांसारख्या औषधांनी शरीराचा हा विरोध आवाक्यात आणला. भारतात पहिला प्रयत्न मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात १९६५ मध्ये मृत व्यक्तीच्या मूत्रपिंडाने झाला. रुग्ण फार दिवस जगला नाही. जिवंत नातलगाच्या मूत्रपिंडाचे यशस्वी प्रत्यारोपण वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात १९७१ मध्ये झाले. आपल्या गुजरातेत हे काम सामान्य माणसाच्या दारी आणले ते डॉ. एच. एल. त्रिवेदी यांनी. कॅनडातील स्थिरावलेला व्यवसाय सोडून ते १९७७ मध्ये परतले आणि अहमदाबादच्या सिव्हिल इस्पितळाच्या आवारात त्यांनी मूत्रपिंडरोगांची एक मोठी संस्था उभी केली.

शस्त्रक्रियेविषयी दोन गैरसमज दूर करतो. जुनी मूत्रपिंडे सहसा काढून टाकत नाहीत; नवे मूत्रपिंड ओटीपोटात, बहुधा उजव्या बाजूला, बसवतात आणि तिथल्या रक्तवाहिन्यांशी व मूत्राशयाशी जोडतात. दुसरे म्हणजे, प्रत्यारोपण झाले म्हणजे आजार संपला, असे नव्हे. औषधे जन्मभर, ठरलेल्या वेळी, न चुकता घ्यावी लागतात. जिवंत दात्याचे मूत्रपिंड साधारण पंधरा-वीस वर्षे चालते, मृत दात्याचे सरासरीने त्याहून काहीसे कमी. पण ज्याने डायलिसिसवर दोन वर्षे काढली आहेत, त्याला पहिल्या दिवशी पोटभर पाणी पिताना पाहिले की, या मर्यादा आपण विसरतो.

आता ज्या गोष्टीसाठी मी आलो, तिच्याकडे येतो. मूत्रपिंड कुठून येते?

आपल्या देशात मूत्रपिंडे मुख्यतः जिवंत नातेवाइकांकडून येतात. १९९४ च्या कायद्याने आई-वडील, मुले, भावंडे आणि पती-पत्नी यांना निकटचे नातलग मानले. २०११ च्या दुरुस्तीने आजी-आजोबा आणि नातवंडे यांची भर घातली आणि रक्तगट न जुळणाऱ्या दोन कुटुंबांना परस्परांत अदलाबदल करण्याची मुभा दिली. अवयवांची खरेदी-विक्री हा गुन्हा असून त्याला दहा वर्षांपर्यंत कारावास आणि एक कोटी रुपयांपर्यंत दंड आहे. कायदा चांगला आहे. तथापि घराच्या चार भिंतींच्या आत कोण देतो आणि कोणाला मिळते, हे कायदा ठरवत नाही. ते घर ठरवते. आणि आमच्या व्यवसायातल्या प्रत्येकाला ठाऊक असलेले सत्य असे की, या देशात मूत्रपिंड देणाऱ्यांत मोठी बहुसंख्या स्त्रियांची आहे आणि मिळणाऱ्यांत मोठी बहुसंख्या पुरुषांची. आई मुलाला देते, पत्नी पतीला देते, बहीण भावाला देते. उलट दिशेने येणारा हात क्वचित दिसतो.

एक प्रसंग सांगतो. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वीचा आहे. कोणाची ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. अडतिशीतला एक गृहस्थ डायलिसिसवर होता. पत्नीला मधुमेह, म्हणून ती देऊ शकत नव्हती. आईचा रक्तगट जुळत नव्हता. राहिले धाकटा भाऊ आणि विवाहित बहीण. दोघांचे रक्तगट जुळणारे. सगळे कुटुंब माझ्या खोलीत बसले होते. वडील म्हणाले, "धाकट्यावर दुकानाचा भार आहे. ताई देणार आहे." मी ताईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "हो, मीच देणार."

दात्याशी एकट्याने बोलावे, असा आमचा दंडक असतो. इतरांना बाहेर बसवून मी त्यांना शस्त्रक्रिया समजावून सांगितली. उरलेले मूत्रपिंड काम वाढवून घेते, निरोगी दात्याला धोका अल्प असतो, पण तो शून्य नसतो, आणि पुढे दरवर्षी तपासणी करावी लागते, हेही सांगितले. त्या खाली पाहून ऐकत होत्या. शेवटी मी विचारले, "तुमची स्वतःची इच्छा आहे ना?" बराच वेळ त्या काहीच बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "डॉक्टर, नाही म्हटलं तर माहेर राहणार नाही. आणि हो म्हटलं तर सासर राहील की नाही, ठाऊक नाही." त्यांना पाच आणि दोन वर्षांची मुले होती.

अशा वेळी आम्ही काय करतो, ते बाहेर फारसे बोलले जात नाही, आज बोलतो. कारण न देता आम्ही कुटुंबाला एवढेच सांगतो की, ही व्यक्ती दाता म्हणून योग्य नाही. ते खोटे नसते. ज्याचे मन तयार नाही, तो योग्य दाता नव्हेच. मी बाहेर जाऊन तेच सांगितले. वडिलांनी कपाळाला हात लावला. धाकटा भाऊ दुसऱ्या दिवशी तपासणीला येणार होता. तो आला नाही. त्या आठवड्यात नाही, त्या महिन्यातही नाही. त्यालाही मी दोष देत नाही. घरात बसलेले त्याचे भय मी ऐकलेले नाही.

तो रुग्ण आणखी अडीच वर्षे डायलिसिसवर राहिला आणि हृदयक्रिया बंद पडून गेला. महिन्याभराने त्याच्या ताई मला भेटायला आल्या. उभ्याउभ्याच त्यांनी विचारले, "माझ्यामुळे गेला का?" मी म्हणालो, "नाही. तो आजाराने गेला." त्यांनी नमस्कार केला आणि त्या गेल्या. माझ्या शब्दांवर त्यांचा विश्वास बसला असेल, असे मला वाटत नाही.

त्या दिवशी मी जे केले ते योग्य होते, असे मी आजही मानतो. पण त्या बाईंच्या प्रश्नाने मला सोडले नाही. पुष्कळ वर्षांनी माझ्या ध्यानात आले की, उत्तर अपुरे होते, कारण तो प्रश्न मुळात त्यांच्यापर्यंत पोहोचायलाच नको होता. त्या अडीच वर्षांत याच राज्यातल्या रस्त्यांवर किती अपघात झाले असतील! कितीजणांचा मेंदू कायमचा थांबला असेल आणि यंत्राच्या श्वासावर हृदय काही तास चालू राहिले असेल. त्यांची मूत्रपिंडे धडधाकट होती. त्यांच्या घरच्यांना कोणी विचारले नाही, आणि त्यांनाही सुचले नाही. मेलेल्यांकडे जे मागता आले असते, ते आम्ही दोन लेकरांच्या आईकडे मागत बसलो.

मेंदूमृत्यूविषयी लोकांच्या मनात शंका असते, आणि ती रास्त आहे. छाती वरखाली होते आहे, अंग ऊबदार आहे, मग मृत कसे म्हणायचे? मेंदूचा देठ म्हणजे श्वासाचे आणि जाणिवेचे मूळ. तो एकदा मेला की परत येत नाही. ही बेशुद्धावस्था नव्हे. बेशुद्धीतून माणसे उठतात, यातून कोणी उठत नाही. आपल्या कायद्यात चार डॉक्टरांच्या मंडळाने, किमान सहा तासांच्या अंतराने दोनदा, ठरावीक चाचण्या करून हे प्रमाणित करायचे असते. यंत्र बाजूला घेऊन रुग्ण स्वतः श्वास घेतो का, ही त्यांतली एक. हे डॉक्टर प्रत्यारोपण करणाऱ्या चमूतले असू शकत नाहीत. त्यानंतरही घरच्यांच्या लेखी संमतीवाचून काही घडत नाही. अशा एका देहातून दोन मूत्रपिंडे मिळतात, आणि यकृत, हृदय, फुप्फुसे व डोळेही इतरांना उपयोगी पडू शकतात. देह सन्मानाने शिवून घरच्यांच्या स्वाधीन केला जातो. अंत्यदर्शनात काही उणे दिसत नाही.

२००८ मध्ये चेन्नईजवळच्या एका डॉक्टर दांपत्याने आपल्या किशोरवयीन मुलाचे अवयव दिले आणि तमिळनाडूत लोकांचे मन पालटले. तिथल्या शासनाने त्याच सुमारास वाटपाची पारदर्शक पद्धत लावून दिली, म्हणून तो पालट टिकला. आपल्या देशात २०१३ मध्ये सर्व अवयवांची मिळून पाच हजारांच्या आत प्रत्यारोपणे झाली होती. २०२३ मध्ये ती अठरा हजारांवर गेली. समाधान वाटावे अशी ही वाढ आहे. पण त्याच २०२३ मध्ये मृत दात्यांची संख्या प्रथमच हजाराच्या वर गेली, म्हणजे दहा लाख लोकांमागे एकही पुरता नाही. स्पेनमध्ये हे प्रमाण चाळीसच्या वर आहे.

आपल्यासारख्या, मुलुख सोडून दुसऱ्या प्रांतात रुजलेल्यांना एक गोष्ट मुद्दाम सांगायला हवी. मृत दात्याच्या अवयवासाठी नाव नोंदवताना काही राज्यांत अधिवासाचा दाखला मागितला जाई. गुजरात उच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ही अट रद्द ठरवली आणि २०२३ मध्ये केंद्रानेही सर्व राज्यांना ती काढून टाकण्यास सांगितले. नोंदणीसाठी असलेली पासष्ट वर्षांची वयोमर्यादाही तेव्हाच गेली. देणाऱ्याच्या मूत्रपिंडावर प्रांत लिहिलेला नसतो, तसा घेणाऱ्याच्याही नावापुढे तो आता विचारला जाऊ नये.

आपण दधीचींची कथा लहानपणी ऐकली आहे. देवांनी अस्थी मागितल्या आणि ऋषींनी देह ठेवला. पण त्या कथेतल्या दधीचींना घरच्यांची सही लागली नव्हती. आज ती लागते. तुम्ही कितीही मोठे दानपत्र भरून ठेवा, प्रत्यक्ष वेळी निर्णय तुमची पत्नी, पती, मुलगा किंवा मुलगी घेणार आहे. तोही आयुष्यातल्या सर्वांत वाईट रात्री, अतिदक्षता विभागाच्या बाहेर, लाकडी बाकावर बसून. त्या वेळी त्यांच्यापुढे एकच आधार असतो, तो म्हणजे तुम्ही पूर्वी काय बोलला होतात ते. "बाबा असं म्हणाले होते," एवढे एक वाक्य ज्या घरात उपलब्ध असते, त्या घराला निर्णय करावा लागत नाही. फक्त निरोप पोहोचवावा लागतो. मी अशी घरे पाहिली आहेत. त्यांचे दुःख कमी होत नाही. पण पुढे कधी भेटली तर ती माणसे त्या रात्रीविषयी बोलू शकतात.

पुष्कळजण विचारतात, अवयव दिला तर पुढल्या जन्मी तो नसेल का? ज्या अग्नीत आपण सारेच देह अर्पण करतो, तो मूत्रपिंड वेगळे काढून ठेवत नाही. एवढेच मी म्हणू शकतो. पुढचे शास्त्रीबुवांनी सांगावे.

म्हणून माझे मागणे लहान आहे. संकेतस्थळावर आधार क्रमांक देऊन प्रतिज्ञा नोंदवता येते, ती अवश्य नोंदवा. पण त्याआधी आज रात्री जेवताना घरी विषय काढा. मुले समोर असू द्या. त्यांना अशुभ वाटेल अशी भीती बाळगू नका. ती आपल्यापेक्षा धीट असतात. आणि दुसरे मागणे विशेषतः पुरुषांसाठी. घरात कधी जिवंत दात्याची वेळ आलीच, तर बायकांकडे पाहण्याआधी स्वतःचा रक्तगट तपासून घ्या.

आपल्या भाषेत देणे हा शब्द दोन अर्थांनी वापरतात. एक, हातातले दुसऱ्याला देणे. आणि दुसरा, डोक्यावरचे कर्ज. या शाळेने आपल्याला पुष्कळ दिले, म्हणून आपण तिचे देणे लागतो, असे समारंभात म्हणण्याची रीत आहे, आणि ती खरीही आहे. मी आणखी एका बाईंचे देणे लागतो, ज्यांना मी अपुरे उत्तर दिले. त्या आज हयात असतील, तर साठीच्या पुढे असतील. तुमच्यापैकी काही घरांत आज रात्री हा विषय निघाला, तर त्यांच्यासारख्या कुणा बहिणीला पुढे तसे उभ्याउभ्या विचारावे लागणार नाही.

बाईंनी काढलेल्या त्या दोन आकृत्या तास संपल्यावर पुसल्या गेल्या. मला त्या अजून दिसतात.